उल्हास खाडीची उथळ नौका आणि मधल्या फळीचा प्रश्न

१

उत्तर कोंकणांतील आरमारावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. गलबतें किती होतीं, त्यांवर तोफा किती, सरदार कोण, झुंजा कोठें झाल्या, या गोष्टींचा ऊहापोह त्या लिखाणांत विपुल आढळतो. परंतु तीं गलबतें वाऱ्याच्या उलट दिशेस कशीं जात असत, हा नौकाविद्येंतील अगदीं मूळचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो न विचारल्यामुळें एक अनुमान निष्कारण रूढ होऊं पाहत आहे. कल्याण-भिवंडीकडे बांधलेल्या नौका उथळ पाण्याच्या. उथळ नौकेच्या तळास खोल कणा नसावयाचा. पाश्चात्यांनीं अशा नौकांसाठीं जी सरकती मधली फळी योजिली ती आमच्याकडे नव्हती. सबब आमच्या नौका वाऱ्याबरोबर वाहत जाण्यापुरत्याच कामाच्या असल्या पाहिजेत, अशी ही अनुमानाची सांखळी आहे. हिच्यांतील पहिली व तिसरी कडी खरी आहे. दुसरी अर्धीच खरी आहे. आणि म्हणूनच शेवटची टिकत नाहीं, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. या कामीं जुन्या कागदांइतकाच उपयोग एका सैल, खडखडणाऱ्या फळीच्या दुरुस्तीचा झाला. तोही वृत्तांत यथाक्रम येईल.

प्रथम विषयाचें स्वरूप स्पष्ट केलें पाहिजे. वारा बाजूनें वाहत असतां शिडावर जें बल पडतें त्याचे दोन अंश होतात. एक अंश नौकेस पुढें नेतो. दुसरा तिला कुशीवर, म्हणजे वाऱ्याच्या दिशेनें आडवी, ढकलतो. हें आडवें सरकणें रोखण्यास पाण्यांत कांहीं तरी उभें आडोशासारखें असावें लागतें. ज्या नौकेस तळाशीं कण्याचें खोल लांकूड असतें, ज्यास खलाशी 'पठाण' म्हणतात, तिचें हें काम तो पठाणच करितो. ज्या नौकेचा तळ सपाट, ती शीड उभारूनही भलतीकडेच जाते. तिच्या तळास मध्यभागीं लांबट चीर पाडून, चिरेभोंवतीं पाणी आंत येऊं नये अशी उंच पेटी बसवून, त्या पेटींतून एक फळी पाण्यांत सोडली म्हणजे तात्पुरता पठाण तयार होतो. पाणी उथळ झालें कीं फळी वर ओढावी, खोल झालें कीं सोडावी. हीच ती मधली फळी. युक्ति सोपी व मनोहर आहे; परंतु तिच्यांत एक मर्म आहे. जी वस्तु हलावी म्हणून केली ती केव्हां ना केव्हां सैल होणारच.

२

आतां स्थलाचा विचार करूं. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरांत, बोरघाटानजीक उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर या गांवांवरून कल्याणास येते. बदलापुराकडील तिचें पात्र गोड्या पाण्याचें. भरतीचें पाणी चढतें तें कल्याणच्या आसपासपर्यंत. तेथून पुढें ती खाडीचें रूप घेऊन भिवंडी व ठाणें यांच्यामधून पश्चिमेस वळते आणि वसईपाशीं समुद्रास मिळते. अंबरनाथाजवळून वाहणारी वालधुनी ही लहान नदी याच जलमार्गास येऊन मिळते. तिच्या कांठच्या शिवालयांतील शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचा आहे. त्याच वंशांतील अनंतदेवाच्या शके १०१६ (इ. स. १०९४) च्या खारेपाटण ताम्रपटांत स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुल्य इत्यादि बंदरांत येणाऱ्या विवक्षित नौकांस जकात माफ केल्याचा उल्लेख आहे. स्थानक म्हणजे ठाणें व शूर्पारक म्हणजे सोपारें. म्हणजे ज्या राजकुलाच्या काळांत अंबरनाथचें देवालय उभें राहिलें त्याचें लक्ष याच खाड्यांच्या मुखांवर होतें. उल्हासनगराचें नांव तर नदीवरूनच पडलें. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ सालीं तिला हें नांव मिळालें. सिंधूच्या कांठून आलेल्या या लोकांच्या मूळ प्रदेशांतील नदीनौका रुंद व सपाट तळाच्या असत, ही गोष्ट आपल्या विषयास पोषक म्हणून येथें नोंदवितों.

कारण नदीची नौका व खाडीची नौका यांच्यांत मोठें अंतर आहे. नदींत प्रवाहाबरोबर जावयाचें तर पठाण लागत नाहीं. प्रवाहाविरुद्ध जावयाचें तर कांठावरून दोरानें ओढतां येतें. अमरकोशाच्या वारिवर्गांत डोलकाठीस 'कूपक' व 'गुणवृक्षक' अशीं दोन नांवें दिलीं आहेत. गुण म्हणजे दोर. गुणवृक्षक म्हणजे दोराचें झाड. बंगालींत नाव दोरानें ओढण्यास आजही 'गुण टाना' असेंच म्हणतात. यावरून शिडापेक्षां दोराशींच जिचा संबंध अधिक अशी काठी आमच्या नद्यांवर कोशकाराच्या काळीं सुपरिचित असावी, असें मानण्यास जागा आहे. त्याच वर्गांत वल्ह्यास 'नौकादंड' व 'क्षेपणी', सुकाणूस 'अरित्र' व 'केनिपातक', आणि नावेंतील पाणी उपसण्याच्या भांड्यास 'सेकपात्र' असे शब्द येतात. भोजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरूंत नौकांचे भेद लांबी, रुंदी व उंची यांच्या प्रमाणांवरून केले आहेत, आणि समुद्रांतील लोहचुंबकाच्या भयानें तळाच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत असाही निर्देश आहे. म्हणजे नौकेचा तळ हा विचाराचा विषय होता. त्या तळास भोंक पाडून फळी सोडण्याची कल्पना मात्र या ग्रंथकाराची नव्हे.

कल्याणच्या खालीं स्थिति पालटते. तेथें प्रवाह एकच नाहीं. दिवसांतून दोनदां भरती व दोनदां ओहोटी. दोर ओढण्यास कांठ नाहीं. चिखल व खाजण. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणास भरती व ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरांहून अधिक फरक पडतो, आणि ओहोटीस खाडीच्या उपांगांतील नौका सरळ गाळावर बसते. तेव्हां येथील नौकेस दोन परस्परविरुद्ध गुण हवेत. तिनें उथळ पाण्यांत चालावें, गाळावर सुखरूप बसावें. आणि समुद्रावर गेली असतां वाऱ्यापुढें वाहवत जाऊं नये. हा विरोध कसा सोडविला गेला, हाच प्रश्न आहे.

३

इ. स. १६५७ (शके १५७९) मध्यें कल्याण व भिवंडी हीं ठाणीं शिवाजीमहाराजांच्या हातीं आलीं. पुढें दोन वर्षांच्या आंत या खाडींत लढाऊ नौका बांधण्याचें काम सुरू झालें. गोव्याच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांनीं ऑगस्ट १६५९ मध्यें आपल्या राजास लिहिलेल्या पत्रांत, शहाजीच्या पुत्रानें वसई व चौल यांच्या आसपासचा मुलूख घेऊन भिवंडी, कल्याण व पनवेल या बंदरांत लढाऊ गलबतें बांधलीं आहेत, तीं समुद्रावर येऊं नयेत अशी आज्ञा वसईच्या कप्तानास दिली आहे, असा मजकूर आहे. या कामावर रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या मंडळीसह होता, व तो वसईकरांच्या सांगण्यावरून काम सोडून गेला, हेंही पोर्तुगीज दप्तरांवरून ज्ञात आहे.

या निघून जाण्यावर कित्येकांनीं फार भर दिला आहे. परंतु कारागीर गेल्यानें विद्या गेली असें म्हणावयाचें तर पुढील घटनांचा मेळ बसत नाहीं. १६६५ च्या फेब्रुवारींत महाराज बसरूरच्या स्वारीस समुद्रमार्गें गेले. त्या वेळच्या इंग्रजी पत्रव्यवहारांत पंच्याऐंशी लहान गलबतें व तीन मोठीं जहाजें असा आंकडा येतो. कारवारपलीकडे जाऊन परत उत्तरेस यावयाचें तर केवळ वाऱ्याच्या कृपेवर विसंबून चालत नाहीं. १८ ऑक्टोबर १६७९ रोजीं खांदेरीजवळ मराठ्यांचा तांडा इंग्रजांवर इतक्या त्वरेनें चालून आला कीं, 'डोव्ह' ही इंग्रजी गुराब हातची गेली व कॅप्टन केग्विन यास 'रिव्हेंज'वरून जवळजवळ एकट्यानेंच झुंज द्यावी लागली.

कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत गुराब, तरांडें, तारूं, गलबत, शिबाड, पगार इत्यादि जाति सांगितल्या आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत फार थोर नव्हेत व फार लहानही नव्हेत अशीं मध्यम गलबतें सजवावीं, वाऱ्यावांचून जीं निरुपयोगी होतात अशा अवजड जहाजांच्या भरीस पडूं नये, असा उपदेश आहे. लांकडाविषयींही त्यांत बारकाईनें लिहिलें आहे. सागवानादि झाडें राज्यांतील अरण्यांतून परवानगीनें तोडावीं; परंतु रयतेनें लेंकराप्रमाणें वाढविलेल्या आंब्या-फणसांस तिच्या संतोषावांचून हात लावूं नये. ज्यांनीं नौकेच्या लांकडाचा एवढा विचार केला त्यांनीं तिच्या चालीचा केला नसेल, हें संभवत नाहीं.

रॉबर्ट ऑर्म यानें १७६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत आंग्र्यांच्या काळच्या गुराबांचें वर्णन केलें आहे. बहुतेकांस दोन डोलकाठ्या, क्वचित् तीन, लांबीच्या मानानें रुंदी फार, पुढील बाजूस लांब सुळक्यासारखी नाळ, आणि पाण्यांत फार थोडी बुडणारी. गलबत हें गुराबेच्याच धर्तीचें पण लहान, क्वचितच सत्तर टनांहून मोठें. त्यावर चाळीस-पन्नास वल्हीं व तासास चार मैल गति. वारा पडला असतां हीं गलबतें गुराबांस ओढून नेत. येथें प्रश्नाचें अर्धें उत्तर आलेंच आहे. उथळ नौकेस वाऱ्याविरुद्ध नेणारी पहिली वस्तु म्हणजे वल्हें. ऋग्वेदांत अश्विनांची शंभर वल्ह्यांची नौका येते. तिचीच ही दूरची सजातीय समजावी.

उरलेलें अर्धें उत्तर तळांत आहे. सिंहलद्वीपांतील आरमारी गोदीचा मुख्य सुतार जॉन एड्ये यानें १८३४ सालीं एतद्देशीय नौकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत मुंबईकडील फतेमारीचा कणा सरळ नसून मध्यें कमानीसारखा वर उचललेला असतो, हा विशेष त्यानें नोंदविला आहे. या घडणीचें फल असें कीं, नाळेखालचा भाग सर्वांत खोल जातो. हा खोल पाय वाऱ्याच्या जवळून जातांना पाण्यास धरून ठेवतो. नौकेचा बाकीचा तळ मात्र उथळच राहतो. किनाऱ्यावरील मचव्यांतही हीच रीति आढळते. उथळ नौकेस खोल कणा नसतो, हें विधान म्हणून अर्धेंच खरें. कणा सर्वत्र खोल नव्हता. जेथें खोल हवा तेथें होता, आणि तो न हलणारा होता.

यांत तिसरें साधन मिळवावें, तें म्हणजे काळाचें ज्ञान. पावसाळा सरल्यावर या खाडीवर पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो व दोन प्रहरानंतर समुद्राकडून वायव्येचा वारा येतो. कल्याणाहून वसईकडे जाणारी वाट साधारणतः पश्चिमवाहिनी आहे. ओहोटी व मतलई यांचा योग साधून खालीं जावें, आणि भरती व समुद्रवारा यांचा योग साधून वर यावें, हा तांडेलाच्या नित्य परिपाठाचा भाग होता. ज्याला वेळ साधते त्याला वाऱ्याशीं भांडण्याचे प्रसंग मुळांतच थोडे येतात.

४

आतां परदेशांतील मधल्या फळीकडे वळूं. नौकेच्या बाजूस फळ्या टांगून आडवें सरकणें थांबविण्याची रीति हॉलंडांत प्रसिद्ध आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओंडक्यांच्या तराफ्यांत ओंडक्यांमधून फळ्या खालींवर करून तराफा वळवीत असत. आमच्या पूर्व किनाऱ्यावरील कट्टुमरम् या तराफ्यावरही फळीचा असा उपयोग होतो; जेम्स हॉर्नेल यानें १९२० सालीं हिंदी नौकांवरील आपल्या निबंधांत अशा साधनांचा विचार केला आहे. म्हणजे कल्पना हिंदुस्थानास परकी नव्हती. तळास चीर पाडून तींतून फळी सोडण्याचा प्रयोग इंग्रजी आरमारांत जॉन शँक या अधिकाऱ्यानें केला. त्यानें १७७४ सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथें अशी पहिली होडी बांधिली, व १७९० सालीं 'ट्रायल' नांवाची तीन सरकत्या फळ्यांची नौका इंग्लंडांत तयार झाली. या फळ्या सरळ खालींवर सरकत. एका टोंकाशीं खिळीवर फिरून खालीं उतरणारी फळी अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांतील स्वेन घराण्यानें १८११ सालीं सनद घेऊन प्रचारांत आणिली. हल्लींच्या लहान शिडाच्या होड्यांत या दोन्ही जाति आढळतात.

शँकच्या पद्धतीची मोठी परीक्षा 'लेडी नेल्सन' या साठ टनांच्या नौकेवर झाली. ऑस्ट्रेलियाच्या उथळ किनाऱ्याच्या पाहणीसाठीं १८०० सालीं ती तीन सरकत्या फळ्यांसह पाठविण्यांत आली, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती पश्चिमेकडून बास सामुद्रधुनींतून पार गेली. उथळ पाण्यांत ती उपयोगी पडली, यांत संशय नाहीं. परंतु १८०२ सालीं मॅथ्यू फ्लिंडर्स पूर्व किनाऱ्याची पाहणी करीत असतां या सहचरी नौकेच्या फळ्या तळास आपटून तुटल्या, ती वाऱ्यापुढें वाहवूं लागली, आणि ऑक्टोबरांत फ्लिंडर्सनें तिला परत लावून दिलें. ज्या हलत्या अवयवावर तिचें सर्व सामर्थ्य होतें तोच आधीं निकामी झाला.

याच काळांत मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याचे कारागीर सागवानी, दृढ कण्याचीं जहाजें बांधीत होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या वंशजांनीं बांधिलेली 'त्रिंकोमाली' १८१७ सालीं पाण्यांत उतरली व ती आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरती आहे. मोठ्या जहाजास सरकत्या फळीची गरज नसते, हें खरें; तथापि न हलणारा सागवानी कणा किती टिकतो, याची साक्ष म्हणून हें उदाहरण पुरेसें आहे.

५

सैल फळी म्हणजे नेमकें काय, हें पुस्तकावरून पुरतें कळत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपली दोन माणसांची शर्यतीची होडी मुंबईहून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतील एका लहान कारखान्यांत दुरुस्तीस आणिली होती. या जातीच्या होड्यांचा खेळ आपल्याकडे चांगला रुजलेला आहे. १९८२ च्या आशियाई सामन्यांत मुंबईच्या समुद्रावर झालेल्या शर्यतींत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनीं 'फायरबॉल' जातीच्या होडीवर सुवर्णपदक मिळविलें होतें. विद्यार्थ्याची तक्रार अशी: "गुरुजी, वारा मागून आला कीं ही फळी घरांत कोणी दार वाजवावें तशी वाजत राहते." हा आवाज ऐकण्यापेक्षां समजून घेण्यासारखा वाटल्यानें दुरुस्तीचे दोन दिवस तेथें जाऊन पाहिलें.

वारा बाजूनें असतां फळी पाण्याच्या दाबानें पेटीच्या एका अंगास घट्ट टेकते; तेव्हां ती गप्प असते. वारा मागून आला, किंवा होडी नांगरावर उभी राहून लाटांवर डुलूं लागली, कीं दाब जातो व फळी दोन्ही अंगांवर आळीपाळीनें आपटते. म्हणून आवाज हा जोराच्या वाऱ्यापेक्षां मंद वाऱ्यांत अधिक येतो. होडी आडवी करून फळीचें टोंक हातानें हलवून पाहिलें. फळीची जाडी वीस मिलिमीटर, चिरेची रुंदी सव्वीस. म्हणजे मोकळीक सहा मिलिमीटरांची. पेटीची उंची सुमारें तीस सेंटिमीटर असल्यानें एवढीशी मोकळीक एक मीटर खालच्या टोंकाशीं दोन सेंटिमीटरांहून अधिक होते. शिवाय ज्या खिळीवर फळी फिरते तिचें भोंक झिजून अंडाकृति झालें होतें. त्यामुळें पुढेंमागें होणारा दुसरा, अधिक कोरडा असा खट्‌कारा निघत होता. दोन आवाज, दोन कारणें. एकाच कारणावर उपाय केला असता तर दुसरें तसेंच राहिलें असतें.

कारागिरानें प्रथम भोंक मोठें व गोल करून त्यांत, लेथवर कांतलेलें, पाण्यांत न फुगणाऱ्या कठीण प्लास्टिकचें बुश बसविलें व नवी न गंजणारी खीळ घातली. नंतर फळीचा जो भाग उतरल्यावरही पेटींत राहतो, तेवढ्याच भागास दोन्ही अंगांनीं दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत पट्ट्या चिकटविल्या. सहांपैकीं चार मिलिमीटर भरले. दोन राहूं दिले. ते कां राहूं दिले, असें विचारतां त्यानें दिलेलें उत्तर ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. फळी अगदीं घट्ट बसविली तर वाळूचा एक कण वा शिंपल्याचा एक तुकडा तिला अडकवून टाकील, आणि मग उथळ पाण्यांत ती वर येणार नाहीं. शेवटीं चिरेच्या दोन्ही ओठांस रबरी कापडाच्या पट्ट्या लावून आंत घुसळणारें पाणी बंद केलें, आणि फळी उचलण्याची दोरी ताणलेली राहील अशी बांधिली. विद्यार्थ्यानें नंतर कळविल्याप्रमाणें वाजणें थांबलें आहे. ज्यांस हें काम स्वतः करावयाचें असेल त्यांनीं हाच क्रम ठेवावा: आधीं खीळ, मग पट्ट्या, मग ओठ, आणि नांगरावर असतां फळी वर घेऊन ठेवावी.

६

इतिहासाच्या दृष्टीनें येथें महत्त्वाचें तें हें. या फळीस गप्प बसविण्यास जें लागलें त्यांतील प्रत्येक वस्तु विचारांत घ्यावी. न फुगणारें बुश, न गंजणारी खीळ, एक-एक मिलिमीटरचें माप, रबरी ओठ. सतराव्या शतकांतील कल्याणच्या सुतारापाशीं लांकूड, लोखंड, कापूस, तेल व चुना हीं साधनें होतीं. लांकडाची फळी लांकडाच्या पेटींत पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आटते. एका ऋतूंत ती अडकणार व दुसऱ्या ऋतूंत खडखडणार. लोखंडी खीळ खाऱ्या पाण्यांत खात जाते व भोंकही खाते. यांहून मोठी अडचण गाळाची. जी नौका प्रत्येक ओहोटीस गाळावर बसावयाची तिच्या तळास चीर ठेवणें म्हणजे तिच्या पोटांत रोज चिखल भरणें होय. भरती आल्यावर फळी खालीं उतरणार नाहीं, आणि नेमकी शत्रूच्या समोर ती उतरविण्याची वेळ येईल.

चौथी गोष्ट किड्याची. खाऱ्या पाण्यांतील लांकूड पोखरणारा कृमि हा लांकडी नौकेचा खरा शत्रु. त्याच्या निवारणासाठीं नौका वेळोवेळीं किनाऱ्यावर ओढून तिच्या तळास चुना व तेल यांचा लेप देण्याची चाल आमच्या किनाऱ्यावर होती. पेटीच्या आंतील अंगांस हा लेप पोहोंचत नाहीं. तेथें कीड निर्वेधपणें वाढते, आणि ती नौकेच्या अगदीं मध्यभागीं, कण्याशेजारीं वाढते. दारावरचा पहारा चोख ठेवून तिजोरींत उंदीर पाळण्यापैकींच हा प्रकार झाला असता.

म्हणून मधली फळी नसणें हें अज्ञानाचें लक्षण मानतां येत नाहीं. ज्या किनाऱ्यावर टांगत्या व सरकत्या फळ्यांचा उपयोग तराफ्यावरच्या कोळ्यांसही ठाऊक होता, त्याच देशांतील उत्तर कोंकणच्या सुतारांनीं खोल नाळेचा दृढ कणा, वल्हीं व वेळेचें ज्ञान या तिहींवर भिस्त ठेविली. तराफ्यावर फळी सोडण्यास तळ फोडावा लागत नाहीं, गलबतावर लागतो. हा भेद त्यांच्या निवडीच्या मुळाशीं असावा, असें वरील कारणांवरून दिसतें. 'लेडी नेल्सन'सारख्या, राजाश्रय असलेल्या व निष्णात कारागिरांनीं बांधिलेल्या नौकेचीही फळी दोन वर्षांत दगा देते, तर गाळाच्या खाडींत नित्य बसणाऱ्या गलबताविषयीं निराळें काय सांगावें? रुई व्हियेगस गेल्यावरही गलबतें चाललीं याचें कारण हेंच कीं, त्यांची चाल परक्याच्या गुपितावर अवलंबून नव्हती.

या विवेचनाचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्गांच्या कायद्यानें उल्हास नदी, वसई खाडी व कल्याण-ठाणें-मुंबई हा मार्ग त्रेपन्नावा राष्ट्रीय जलमार्ग ठरला आहे. शिवकालीन नौकांच्या प्रतिकृति करण्याचा उत्साहही ठिकठिकाणीं दिसतो, व तो स्तुत्य आहे. परंतु अशी प्रतिकृति पाण्यांत चालवून दाखवावयाची झाल्यास, ती वाऱ्यापुढें वाहवते म्हणून तळास गुपचूप आधुनिक फळी बसविण्याचा मोह होईल. तसें केल्यास प्रयोगाचें मूल्य नाहींसें होईल. नाळेखालच्या कण्याची खोली व कमान हीं जुन्या मचव्यांवरून मापून घेतल्यावांचून अशी नौका बांधूं नये. आणि बांधिल्यावर ती वाऱ्याच्या किती जवळून जाते याचें माप ठेवावें. शिबाड व गुराब यांविषयींच्या कित्येक वादांचा निकाल एका हंगामांत लागेल.

हें माप घेण्यास वेळ मात्र फार उरलेला नाहीं. यंत्र आल्यापासून शीड उतरलें. शिडाबरोबर परबाण, दामण, पठाण, वरामा हे शब्द उतरत चालले आहेत. ज्या वृद्ध तांडेलांनीं तरुणपणीं खाडींत शिडावर मचवा चालविला ते दरवर्षीं कमी होत आहेत. कागद दप्तरांत राहतो, ताम्रपट जमिनींत राहतो. हाताची विद्या हाताबरोबर जाते. कल्याण, भिवंडी, वसई व उरण या बाजूच्या वाचकांस म्हणून विनंती आहे कीं, त्यांनीं आपल्या गांवच्या जुन्या खलाशांकडून व नौका बांधणाऱ्या सुतारांकडून नौकेच्या अवयवांचीं नांवें, कण्याचीं मापें आणि वाऱ्याविरुद्ध जाण्याच्या रीति लिहून घेऊन मंडळाकडे पाठवाव्यात. नांवापुढें गांव व सांगणाराचें वय अवश्य लिहावें; शब्द जसा ऐकिला तसाच लिहावा, शुद्ध करूं नये. जेथें जुना मचवा अद्याप किनाऱ्यावर पडून असेल तेथें त्याचा कणा नाळेपासून वराम्यापर्यंत हातभर-हातभर अंतरावर मोजून आंकडे द्यावेत. एवढी सामग्री जमली म्हणजे या लेखांतील अनुमान कितपत टिकतें, तें आंकड्यांवरूनच ठरेल.